भुताचं कपाळ

माझ्या पार्लरच्या पाटीवर 'नवरी मेकअप, मेहंदी, आयब्रो' एवढंच लिहिलेलं आहे. 'भुतं करून मिळतील' असं कुठंही लिहिलेलं नाही. तरीही लोणावळ्यात कुणाला भूत, चेटकीण किंवा नुसतं बऱ्यापैकी प्रेत हवं असलं, की वर्षानुवर्षं फोन मलाच यायचा. आमच्या गावाचं असंच आहे. माणसं इथं धुकं बघायला येतात, आणि धुकं बघितलं की त्यांना भुताचा सिनेमा सुचतो. मग त्यांना एक बंगला लागतो, एक जनरेटर लागतो आणि एक रेहाना लागते.

आता डोळ्यांना बारीक काम झेपत नाही. पार्लर सून बघते. ती म्हणते, "अम्मी, तुम्ही खुर्चीत बसा आणि बायकांशी गप्पा मारा." तेवढंच मला अजून उत्तम जमतं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

या कामात काय असतं, असं लोक विचारतात. भुताला काय, तोंडाला पावडर फासली की झालं! नवशिके तेच करतात, आणि त्यांचं भूत पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसतं. मेलेला माणूस पांढरा नसतो. त्याच्या ओठांतलं आणि डोळ्यांच्या कडांमधलं लाल काढून घ्यायचं, गालांखाली किंचित राखाडी-निळं लावायचं आणि मग थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड. शिवाय कान, मान आणि हातांचे पंजे विसरायचे नाहीत. नवरीच्या मेकअपमध्येही बायका नेमकं हेच विसरतात. माझा हात नवऱ्या सजवण्यावर बसलेला होता, म्हणून माझी प्रेतं चांगली व्हायची.

रक्त मी घरीच करायची. साखरेचा घट्ट पाक, त्यात खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी. कॉफी नसेल तर कॅमेऱ्यात ते गुलाबाच्या सरबतासारखं दिसतं. या रक्ताचा एकच दोष, त्याला मुंग्या लागतात. कितीतरी खून झालेली माणसं माझ्यासमोर टुणकन उठून नाचली आहेत. कुरवंड्याच्या वाटेवरच्या एका बंगल्यात गळा चिरलेला एक नट मेकअप उतरवायचा कंटाळा करून तसाच टपरीवर चहाला गेला. टपरीवाल्या आजोबांनी त्याला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाले, "आदी दवाखान्यात जाऊन ये बाबा. च्या कुटं पळून चाललाय?" तो चहा न पिताच परत आला.

पण मला सांगायचंय ते बायकांच्या तुरुंगातल्या सिनेमाबद्दल. नाव सांगत नाही, कारण शूटिंग संपेपर्यंत ते इतक्या वेळा बदललं, की शेवटी कुठलं ठेवलं ते मलाही खात्रीनं आठवत नाही.

अनिकेत नावाचा दिग्दर्शक एका दुपारी पार्लरमध्ये आला. नाशिकचा पोरगा, माझ्या धाकट्याच्या वयाचा. दोन गिऱ्हाइकांच्या चेहऱ्याला लेप लावलेला होता, त्या दोघींकडं बघून तो आधी दचकला. भुताचा सिनेमा काढणारा माणूस इतका भित्रा बघून मला तो आवडला.

"ताई, बायकांच्या जेलमधली हॉरर फिल्म आहे," तो म्हणाला.

"जेल कुठं मिळालं तुम्हाला?"

"कामशेतच्या पुढं, बेडशाच्या रस्त्याला. म्हणजे... कोंबड्यांची शेड आहे. बंद पडलेली."

मी हसले नाही, याचा मला आजही अभिमान आहे. पण शेड बघितल्यावर मानलं. दोन्ही बाजूंनी लोखंडी जाळीचे कप्पे, मधून लांबलचक वाट. चुना मारला, जाळीपुढं गज उभे केले, की झाल्या कोठड्या. वास तेवढा जाईना. आणि कुठूनतरी एखादं पीस तरंगत यायचं. कॅमेऱ्यात ते फार छान दिसतं म्हणून अनिकेतनं पिसांना हाकलायचं बंद केलं.

गोष्ट अशी होती. सरू नावाच्या कैदी बाईला फाशी होते. फाशीच्या आधी जेलरबाई अंगठ्यानं तिचं कुंकू पुसते. मग सरूचं भूत कोठड्यांमधून फिरायला लागतं, आणि ज्याच्या कपाळाला ते कुंकू लावेल तो सकाळी मेलेला सापडतो. सरू व्हायला मुंबईहून एक नटी यायची होती, जेलरबाई पुण्याच्या नाटकातल्या एक अनुभवी बाई होत्या. बाकीच्या कैदी आणायचं काम माझ्यावर आलं, कारण मावळातल्या निम्म्या घरांतल्या पोरी मी नवऱ्या केलेल्या आहेत. भाताची काढणी उरकली होती. बेडसे आणि आसपासच्या वाड्यांवरच्या बायका, दोन जीप भरून, भाकरीची फडकी घेऊन हजर झाल्या. त्यांना जेवण प्रॉडक्शनकडून मिळणार होतं, पण त्यांचा विश्वास नव्हता.

पहिल्याच सकाळी संप झाला. अनिकेतनं सांगितलं होतं, सगळ्या कैद्यांची कपाळं मोकळी हवीत, म्हणजे भुतानं लावलेलं कुंकू उठून दिसेल. बायका म्हणाल्या, कुंकू पुसणार नाही.

"आन् कुंकवानं कुणी मरतं व्हय?" एक म्हणाली. "असली कसली ह्याची गोष्ट!"

मी स्वतः कुंकू लावत नाही. पण आयुष्यात जितक्या कपाळांना मी कुंकू लावलं तितकं एखाद्या सवाष्णीनंही लावलं नसेल, आणि ते पुसायला लावणं माझ्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. मग मला युक्ती सुचली. कुंकू तसंच ठेवायचं. त्यावर मेणाचा पातळ थर, त्यावर कातडीच्या रंगाचा बेस आणि वर पावडर. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, चिकटपट्टीनं. लांबून कपाळ कोरं दिसतं.

"खाली हाय ना कुंकू?" पहिलीनं आरशात बघून विचारलं.

"आहे."

"मंग चाललं. देवाला दिसतंय न्हवं?"

एकेकीला असं झाकत गेले. रांगेत एक म्हातारी आली, मुक्ताबाई. तिचं कपाळ मुळातच मोकळं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. "माझ्याकडं तुला काय बी काम न्हाई," असं म्हणून ती पुढं गेली. तिच्या मागं तिची सून होती, मंगल. तीस-बत्तीसची, लांब चेहरा, मोठे डोळे, फार न बोलणारी. तिचं कुंकू झाकताना मागची बाई माझ्या कानाशी लागली. हिचा नवरा बाळू टेम्पो घेऊन गुजरातकडं गेला, तो पाच वर्षं झाली, परतलाच नाही. पोलिसांत कळवून झालं, टेम्पोही सापडला नाही आणि माणूसही नाही. मी पावडर लावत राहिले.

या बायकांनी जे काम केलं त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. ओरडायला सांगितलं की बेडशाच्या लेण्यांपर्यंत ऐकू जाईल असं ओरडायच्या. फक्त 'कट' म्हटल्यावर थांबायच्या नाहीत. तालमीत मुंबईची नटी केस सोडून मुक्ताबाईच्या कोठडीपुढं उभी राहिली, तेव्हा मुक्ताबाईनं घाबरून मागं सरायचं होतं. ती गजाला धरून पुढं आली आणि आपुलकीनं म्हणाली, "कुनाची गं तू? जेवलीस का?" अनिकेत डोकं धरून खाली बसला.

ती नटी दोन दिवसांत गेली. तिला कुठल्याशा मालिकेतून बोलावणं आलं, आणि खरं सांगायचं तर मीही तिच्या जागी असते तर कोंबड्यांचा वास सोडून गेले असते. अनिकेत एका उपड्या खुराड्यावर बसून होता. शेड थोड्याच दिवसांसाठी मिळाली होती आणि भुताच्या सिनेमात भूतच नव्हतं. संध्याकाळी तो बायकांचं आधीचं चित्रण मॉनिटरवर मागंपुढं करून बघत बसला आणि एका ठिकाणी थांबला. मागच्या रांगेत गजांआडून मंगल बघत होती. काही करत नव्हती, नुसती बघत होती. पण अंगावर काटा आला.

"ताई, या कोण?" त्यानं मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मंगलला सांगितलं, तेव्हा ती इतकी गोंधळली, की पदर तोंडात धरून माझ्याकडं बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "मला जमंल?" तिच्या तोंडावर जे आलं ते मी नवरीच्या तोंडावरही क्वचित बघितलंय. आजवर सगळ्यांनी तिला कुणाची सून, कुणाची बायको म्हणून बोलावलं होतं. या वेळी तिच्या स्वतःच्या चेहऱ्यासाठी बोलावत होते.

पण भूत म्हणजे क्लोजअप. कॅमेरा हातभर अंतरावर आणि दिवा थेट तोंडावर. माझी युक्ती तिथं उघडी पडली. मेण गरम होऊन सरकायला लागलं आणि बेसमधून लाल रंग फुटून वर आला. कपाळावर आधी फोड आल्यासारखं दिसलं, मग मुका मार लागल्यासारखं. मी पुन्हा झाकलं, पुन्हा फुटलं. जखम करू का विचारलं, केस पुढं घेऊ का विचारलं. अनिकेतचं म्हणणंही खोटं नव्हतं, सबंध गोष्टच त्या कोऱ्या कपाळाची होती. आणि त्याआधी जेलरबाई कुंकू पुसते तो प्रसंग तर कॅमेऱ्यासमोरच व्हायचा होता.

"मंगलताई, पुसावंच लागेल हो," तो अगदी हात जोडून म्हणाला. "नाहीतर मला दुसऱ्या कुणालातरी घ्यावं लागेल."

"न्हाई पुसायची मी," मंगल म्हणाली आणि उठून आत आली.

आत म्हणजे माझ्या मेकअपच्या खोलीत. पूर्वी तिथं अंडी ठेवत. खोलीला दार नव्हतं, आम्ही चादर लावली होती. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, नसेल मनात तर सोडून दे, कुणी काही म्हणणार नाही.

"मनात लय हाय, ताई," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "आन् ते येनार न्हाईत ह्ये बी मला ठावं हाय. कवाच कळलंय. पन आत्याबाई अजून रोज त्यांच्या वाटची भाकरी झाकून ठिवत्यात. मी मोकळ्या कपाळानं घरात शिरले, तर त्यांच्या लेखी त्यांचा लेक त्याच दिवशी मेला. त्ये मी कसं करू?"

 पाच वर्षं ती बाई सासूसाठी कुंकू लावत होती, आणि सगळं गाव समजत होतं की नवऱ्याची वाट बघते आहे.

चादर हलली. मुक्ताबाई उभी होती, केस विंचरून घ्यायला आली होती. तिनं किती ऐकलं होतं ते विचारायची सोयच नव्हती, तिचा चेहरा सांगत होता. ती आत आली, मंगलशेजारी बाकावर टेकली. 

मग मुक्ताबाईनं मला विचारलं, "ती जेलरीण पुसनार हाय व्हय हिचं कुंकू?"

"हो. पण सिनेमात नुसता हातच दिसणार आहे."

"नुसता हात?" ती म्हणाली. "मंग माझा घ्या. परक्या बाईला न्हाई लावू द्यायची मी हात."

मी धावत अनिकेतकडं गेले. कारण सांगितलं नाही, एवढंच म्हटलं, की मंगल तयार आहे, पण हात मुक्ताबाईचा हवा. तो काही विचारणार होता, पण माझ्याकडं बघून त्यानं विचारलं नाही. जेलर झालेल्या पुण्याच्या बाईंनी लगेच आपला खाकी शर्ट उतरवून दिला आणि स्वतःच्या हातांनी मुक्ताबाईच्या लुगड्यावरून चढवला, बाहीचं बटण लावलं. म्हातारीच्या मनगटावरचं गोंदण बाहीत झाकलं गेलं. हातात बांगडी नव्हतीच, त्यामुळं काही उतरवावं लागलं नाही.

मी मंगलच्या कपाळावरचं मेण आणि बेस तेवढं काढलं, कुंकवाला हात लावला नाही, आणि तिनं तिच्या डबीतलं कुंकू त्यावरच पुन्हा लावलं, ठसठशीत. दिवे लागले. जाळीपलीकडं बाकीच्या बायका दाटीवाटीनं उभ्या होत्या. कधी नव्हे त्या एकदम गप्प होत्या. आवाज नंतर भरायचा होता, त्यामुळं कुणी काही बोललं तरी चालणार होतं. मी पावडरचा पफ घेऊन कॅमेऱ्याच्या चौकटीच्या अगदी बाहेर उभी होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

मुक्ताबाईचा हात मंगलच्या कपाळापर्यंत गेला आणि थांबला. 

"माझं पुसलं तवा धा जनी व्हत्या," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मला कुनी इचारलं न्हाई. तुला मी इचारते. पुसू, मंगल?"

मंगल तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं मान डोलावली.

"आता बास गं बाई," मुक्ताबाई म्हणाली आणि अंगठा फिरवला.

तेवढ्यात एक पीस उडत आलं आणि मंगलच्या खांद्यावर बसलं. कुणी हललं नाही. दिवेवाला माणूस भिंतीकडं तोंड करून उभा होता. अनिकेत 'कट' म्हणायलाच विसरला. शेवटी कॅमेरामन म्हणाला, "सर, फोकस जरा सुटलाय. एक अजून घेऊ या?"

अनिकेतनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून नाही म्हटलं. ज्या पोरानं एकेका किंकाळीसाठी आमच्याकडून सकाळची दुपार केली होती, तो म्हणाला, "नको. ओके आहे. पुढचा शॉट." एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्याला आयुष्यभर दुवा देईन.

पुढचे दिवस मंगलनं जे भूत केलं त्याला माझी फारशी गरजच नव्हती. मी ओठांतलं लाल काढायची, डोळ्यांखाली बोट फिरवायची आणि बाजूला व्हायची. ती त्या लांब वाटेवरून चालत यायची आणि कोठड्यांतल्या बायका खरोखर मागं सरायच्या. तिला ओळखणाऱ्या बायका, बरं का. कट झाल्यावर भूत त्यांच्यात बसून शेंगदाणे खायचं.

शेवटच्या दिवशी मी तिच्या तोंडाला क्रीम लावून मेकअप उतरवला आणि सवयीनं हात कुंकवाच्या डबीकडं गेला. मध्येच थांबला.  मुक्ताबाई शेजारीच बसली होती. तिनं पिशवीतून एक पाकीट काढलं. कामशेतच्या बाजारातून आणलेलं टिकल्यांचं पाकीट, लाल, जांभळ्या, हिरव्या, खडेवाल्यासुद्धा.

"रोज येगळी लाव," ती सुनेला म्हणाली. "न्हाई वाटली तर लावू नगंस. तुझं कपाळ हाय."

मंगलनं जांभळी निवडली. तिरकी लागली होती, पण मी सरळ केली नाही.

एवढ्या वर्षांत मला लोकांनी हुशार म्हटलं, कलाकार म्हटलं, एकदा एका पाहुण्यानं चेटकीणही म्हटलं. वाईट एवढंच वाटतं, की त्या सिनेमाच्या शेवटी नावं इतकी झपाझप पळतात, की एकाही कैदी बाईला आपलं नाव दिसलं नाही, आणि हाताचं काम कुणी केलं ते तर लिहिलेलंच नाही. म्हणून मी इथं लिहून ठेवते. मला शिकवलं ते या बायकांनी. दुसऱ्याच्या तोंडाला हात लावताना आधी विचारायचं असतं, हे मला इतक्या नवऱ्या सजवून कळलं नव्हतं. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते फिटावेत असं मला वाटतही नाही.

सिनेमा थिएटरला लागला नाही. मोबाईलवर आला. मंगलनं तो टीव्हीला जोडून घेतला आणि मला खास बोलावणं धाडलं. मी आमच्या ह्यांच्या रिक्षातून बेडशाला गेले. घर बायकांनी गच्च भरलं होतं. आपापली किंकाळी आली की प्रत्येक बाई ओरडून सांगत होती, ही माझी. भूत आल्यावर एक पोरगी घाबरून खुद्द मंगलच्याच कुशीत शिरली, आणि वर बघून दुप्पट जोरानं ओरडली.

मग तो हात आला. खाकी बाहीतला. कपाळापाशी थांबलेला. घरातला गलका एकदम बंद झाला. सगळ्याजणी टीव्ही सोडून मुक्ताबाईकडं बघायला लागल्या. पडद्यावर मंगलनं मान डोलावली, अंगठा फिरला.

मुक्ताबाई पुढं वाकून बघत होती. बघता बघता तिला हसू आलं.

"माझा बाळू असता," ती म्हणाली, "तर लय हसला असता बघा. आईनं जेलरीण व्हावं आन् बायकूनं भूत!"

 इतकी वर्षं तिनं सगळ्यांना बाळू येणार म्हणूनच सांगितलं होतं. मंगलनं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला.

म्हातारीनं दुसऱ्या हातानं पदर डोळ्यांना लावला, नाक पुसलं आणि टीव्हीकडं बोट केलं.

"तेवढं मागं घे गं, मंगल," ती म्हणाली. "मला नीट दिसलं न्हाई."